आगाऊ स्मृतिचषक

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रग्बी सर्किटचा सचिव बसला होता. आत सासरे जातात की राहतात याचा निकाल लागायचा होता, आणि तेवढ्यात ट्रॉफ्यांवर नावं कोरणाऱ्याचा फोन आला.

"चौथं नाव द्या. तीन झाली, आता शील्ड मशीनवर चढवून बसलोय."

"मी हॉस्पिटलमध्ये आहे हो."

"मग तिथं मिळेलच की एखादं."

कोरणारा वाईट माणूस नव्हता. त्याला कामाशी काम होतं, आणि उद्यापासून त्याच्या मशीनवर एका भल्यामोठ्या इमारतीच्या दारांच्या पाट्या चढणार होत्या. नाव आत्ता मिळालं तर रविवारी शील्ड मैदानात, नाहीतर नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. सचिव म्हणाला, दहा मिनिटांनी करतो. तसं गेले आठ दिवस तो हेच म्हणत होता.

हे चौथं नाव काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. सात-सात खेळाडूंच्या रग्बीचं, म्हणजे सेव्हन्सचं, देशातलं गावोगाव फिरणारं सर्किट सुरू केलं ते सचिवाच्या सासऱ्यांनीच. जन्मभर पंचगिरी केलेला माणूस. सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. पहिल्या वर्षी त्यांनी कपाला एका हयात आणि अत्यंत सज्जन कर्णधाराचं नाव दिलं. दुसऱ्या वर्षी त्या सज्जन कर्णधारानं स्वतःच्याच नावाच्या कपाच्या फायनलमध्ये लाइन्समनच्या दंडाला चावा घेतला. तेव्हापासून मास्तरांनी नियम करून टाकला, की सर्किटमधली प्रत्येक ट्रॉफी खेळातल्या कुणातरी दिवंगत माणसाच्या नावाची असेल. "जिवंत माणसाचा भरवसा नाही," ते म्हणत. "मेलेला माणूस कधी शब्दाबाहेर जात नाही."

सुरुवातीला नियम गुण्यागोविंदानं चालला. गावं दोनच होती, आणि जुनी माणसं अधूनमधून जात होती. पुढे सर्किट वाढलं. दरवर्षी नवं गाव, नवा टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याला ट्रॉफ्या चार. सकाळी हरलेला संघ दुपारी घरी जाऊ नये म्हणून पहिले चार संघ कपासाठी खेळतात, पुढचे चार प्लेटसाठी, त्यापुढचे बाउलसाठी आणि तळाचे चार शील्डसाठी. सचिवाची बायको विचारायची, "तुमची स्पर्धा आहे का भांड्यांचं दुकान?" सर्किट वाढत होतं, पण माणसं काही त्या वेगानं मरेनात. ऐन उमेदीत रग्बी खेळलेला गडी म्हातारपणीही ठणठणीत असतो, इथेच घोडं पेंड खात होतं. गेल्या वर्षी एका बाउलला मैदानावरच्या कुत्र्याचं नाव द्यावं लागलं. कुत्रा तसा खेळातलाच होता, मध्येच धावत येऊन त्यानं एकदा चेंडू पळवला होता.

यंदाच्या नव्या टप्प्यासाठी कप, प्लेट आणि बाउल यांची सोय मोठ्या मुश्किलीनं लागली होती. शील्ड कोरीच राहिली होती.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "जवळच्यांना बोलावून घ्या. आजची रात्र काढतील असं वाटत नाही."

बायको खाली औषधं आणायला गेली होती. सचिव बाकावर एकटाच रडला. ते रडणं खोटं नव्हतं. याच माणसानं तरुणपणी त्याला भर सामन्यात तीन वेळा मैदानाबाहेर काढलं होतं आणि चौथ्यांदा घरी बोलावून आपली मुलगी दिली होती. लग्नानंतर ते त्याला रीतीप्रमाणे "तुम्ही" म्हणू लागले; संतापले की मात्र अजून "तू" वर येत. आता "तू" म्हणणारं कुणी राहणार नाही, या विचारानं तो आणखी रडला. फोन पुन्हा वाजला. डोळे पुसत त्यानं सासऱ्यांचं पूर्ण नाव सांगितलं.

"हे तर शिट्टीमास्तर!" कोरणारा म्हणाला. "अरेरे. कधी गेले?"

"जाताहेत."

"तुमच्या घरचं सगळं आगाऊच," कोरणारा म्हणाला, आणि मशीन सुरू झाल्याची घरघर सचिवानं स्वतःच्या कानांनी ऐकली.

सकाळी शिट्टीमास्तरांनी डोळे उघडले आणि स्पर्धेचा ड्रॉ निघाला का म्हणून विचारलं.

डॉक्टर म्हणाले, असं लाखात एखादं होतं. बायकोनं नवऱ्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. नवराही रडला, पण दोघं एकाच कारणासाठी रडत नव्हते. सासरे वाचल्याचा आनंद त्याला मनापासून झाला होता. फक्त त्या आनंदातही त्याला मशीनची घरघर ऐकू येत होती. सासऱ्यांनी एकवेळ समजून घेतलं असतं, बायकोनं नसतं. बापाच्या उशाशी ती आठवडाभर धड जेवली नव्हती, आणि तेवढ्या वेळात नवऱ्यानं बाप कोरून घेतला. हे तिला कळलं तर आपल्या संसाराची शेवटची शिट्टी वाजली, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

तो तसाच कोरणाऱ्याच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दिव्याखाली मशीन आणि सगळीकडे पितळेचा बारीक भुगा. शील्ड कापडावर तयार पडली होती. सासऱ्यांचं नाव सुरेख आलं होतं, आणि खाली "यांच्या स्मरणार्थ" तर त्याहून सुरेख.

"पुसा हे."

"पितळ आहे साहेब, शाळेतली पाटी नाही."

"मग वर दुसरी पट्टी मारा."

"मारतो की, मशीन नाही, हातानं कोरीन. पट्टीवर नाव काय घालू? दुसरं मेलेलं आणा."

सचिव स्टुलावर बसला. "तुमच्याकडे असं कधी झालंय का हो? नाव कोरलं आणि माणूस वाचला?"

"झालंय की."

"मग काय केलं त्या लोकांनी?"

"घेऊन गेले घरी. म्हणाले, वाया थोडंच जाणार आहे."

दुसरं मेलेलं शोधणं भाग होतं. सचिवानं एकेका क्लबला फोन लावायला सुरुवात केली. आडवळणानं विचारायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण ज्या गोष्टीसाठी फोन केला ती आडवळणानं विचारता येण्यासारखी नव्हती.

"तुमचे ते जुने फॉरवर्ड कसे आहेत? ते, दात पडलेले?"

"मजेत आहेत. काल नवे दात बसवले."

"अच्छा. आणि तुमचे पहिले अध्यक्ष? त्यांना मागे दम लागायचा."

"आता पोहायला जातात."

"अरेरे."

"अरेरे काय?"

"नाही, म्हणजे, पाणी गार असतं."

अशा चौकशीतून जे व्हायचं तेच झालं. शील्डसाठी नाव शोधतोय, आवाज पडलेला आहे, सासरे हॉस्पिटलात आहेत, हे क्लबांनी एकत्र करून पाहिलं. एकानं थेटच विचारलं, "मास्तर कसे आहेत?" सचिव इतक्या घाईनं आणि इतक्या केविलवाण्या आवाजात "छान आहेत, अगदी छान आहेत" म्हणाला, की समोरच्यानं फोन ठेवून शेजाऱ्याला सांगितलं, "मास्तर गेले. घरचे अजून मानायला तयार नाहीत."

दोन-तीन दिवसांत शिट्टीमास्तर उठून बसले. शनिवारी त्यांनी डॉक्टरांशी हुज्जत घालून डिस्चार्ज घेतला आणि चाकांच्या खुर्चीतून, मुलगी बरोबर असेल तर, तासभर मैदानावर जायची परवानगी मिळवली. "नवा टप्पा आहे," ते म्हणाले, "मी नाही गेलो तर लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील हे सचिवाला कळायला रविवारची सकाळ उजाडावी लागली.

मैदानाच्या फाटकातून पहिला संघ आत आला तो दंडाला काळ्या फिती बांधून. दुसरा आला, त्यांच्याही फिती. तिसऱ्या संघाच्या कर्णधारानं सचिवाला मिठी मारली आणि सोडेचना.

"मास्तर वाचले," सचिव त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला.

"हो, आपल्या मनात ते कायमच आहेत."

"अरे, मनात नाही, घरी आहेत! चहा पिताहेत! आत्ता येतील इथं!"

कर्णधार मागे सरकला. त्याचा चेहरा पडला. "मी भाषण पाठ केलं होतं हो," तो म्हणाला.

सचिव फिती काढायला धावला. पण सेव्हन्सचा सामना म्हणजे सात मिनिटं इकडून, सात मिनिटं तिकडून, की भोंगा वाजतो आणि नवे दोन संघ उतरतात. मैदानावर खेळाचे पट्टे दोन. तो एका पट्ट्यावर फिती सोडवी तोवर दुसऱ्यावर नव्या फिती धावू लागत. शोकाकुल माणसाला तो शोक सोडायला सांगणं सोपं नसतं, आणि ज्यानं त्यासाठी रिबन विकत आणली आहे त्याला तर मुळीच नाही. तरीही खुर्ची फाटकात आली तेव्हा बहुतेक दंड मोकळे झाले होते आणि सचिवाचे दोन्ही खिसे काळ्या फितींनी फुगले होते. एक टोक बाहेर लोंबत होतं.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"दोरी. गोलपोस्टच्या गादीला."

"काळी?"

"मळलीय."

बायकोनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. खुर्चीतले सासरे मात्र खुशीत होते. अंगाचं चिपाड झालं होतं, पण गळ्यात शिट्टी होती. खेळाडू त्यांना पाहून थबकत होते, काहीजण तर उगाच हात लावून बघत होते. "सगळे एवढे प्रेमानं का बघतात?" मास्तरांनी विचारलं. सचिव म्हणाला, आजारातून उठलात ना.

राहता राहिली शील्ड. सचिवाचा बेत साधा होता. मास्तर कप देतील, कारण कपाला मान असतो. तोवर त्यांचा तास संपला तर आणखीच उत्तम. शील्ड तो स्वतः मागच्या मागे देऊन टाकील. सावधगिरी म्हणून त्यानं फिजिओच्या पिशवीतली जाड चिकटपट्टी घेऊन नावावर आडवीतिडवी गुंडाळली.

"कप मी देणार नाही," मास्तर म्हणाले.

"अहो बाबा, कप तर तुमच्याच हस्ते..."

"कपवाल्यांना टाळ्या वाजवायला सगळं गाव असतं. शील्डवाल्यांना कुणी नसतं. मी शील्ड देणार. तिची फायनल आधी असते, मी तेवढा वेळ आहे."

मास्तरांचा शब्द सर्किटमध्ये कुणी मोडला नव्हता. शील्डची फायनल झाली. तळाच्या दोन संघांतला त्यातल्या त्यात बरा संघ जिंकला. चिखलानं माखलेले सात जण ओळीत उभे राहिले. सचिवानं शील्ड सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. बायको खुर्चीमागे उभी होती.

"हिला काय लागलंय?" मास्तरांनी विचारलं.

"कड जरा धारदार आहे. खेळाडूंच्या हाताला लागू नये म्हणून."

चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं. आता, सुटलेलं बँडेज घेऊन कुणालाही मैदानात उभं राहू द्यायचं नाही, ही शिट्टीमास्तरांची जन्माची शिस्त. अशी कितीतरी बँडेजं त्यांनी भर सामन्यात ओढून काढली होती. त्यांनी ते टोक दोन बोटांत धरलं आणि एका झटक्यात सगळी पट्टी उपटली.

मग ते वाचू लागले. त्यांच्या खांद्यावरून त्यांची मुलगीही वाचू लागली. सचिव गवताकडे पाहत राहिला.

नेमके त्याच वेळी सर्किटचे अध्यक्ष उशिरा येऊन गर्दीमागे पोचले होते. त्यांना खुर्ची दिसली नाही, खुर्चीतला माणूस दिसला नाही. दोन डोक्यांच्या मधून फक्त शील्डवरचं नाव आणि खालची ओळ दिसली, आणि भोवती पसरलेली शांतता. पद सांभाळून मुरलेल्या माणसाला आणखी काय लागतं? त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक मिनिट स्तब्धता."

शेजारचे उठून उभे राहिले. त्यांचं पाहून पुढचे. दुसऱ्या पट्ट्यावरचा सामना थांबला, पडलेले खेळाडू चेंडू सोडून उभे राहिले. सगळं मैदान माना खाली घालून शिट्टीमास्तरांसाठी स्तब्ध झालं, आणि मधोमध खुर्चीत शिट्टीमास्तर स्वतःची शील्ड मांडीवर घेऊन सगळ्यांकडे बघत होते. एकदा ते काही बोलायला गेले, पण स्तब्धतेत बोलायचं नसतं हेही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी मनगट वर केलं आणि घड्याळावर नजर ठेवली. मिनिट भरताच त्यांनी शिट्टी फुंकली. ती इतकी जोरात वाजली की अध्यक्षांच्या हातातली टोपी खाली पडली.

"झालं मिनिट," मास्तर म्हणाले. "पुढचा सामना लेट होतोय."

मग त्यांनी जिंकलेल्या कर्णधाराला जवळ बोलावलं, गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या चिखलभरल्या हातात ठेवली. "आज ही घे," ते म्हणाले. "शील्ड अजून तयार नाही." जावयाकडे वळून ते एवढंच म्हणाले, "तू घरी ये."

"तू" ऐकताच सचिवानं खुर्ची फाटकाकडे वळवली.

परतीच्या वाटेवर गाडीत बायको एक शब्द बोलली नाही. शील्ड मागच्या सीटवर सासऱ्यांच्या शेजारी होती, आणि वळणावर ती घसरू नये म्हणून त्यांनी तिच्यावर हात ठेवला होता. सासऱ्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सचिवानं त्यांना खुर्चीसकट वर चढवलं. वाटेत त्यानं क्षमेची वाक्यं जुळवली, पण प्रत्येक वाक्य "डॉक्टर म्हणाले होते" पाशी अडत होतं.

"बाबा, मला तोंड नाही दाखवायला," शेवटी तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते, रात्र काढणार नाहीत. मी रडत होतो हो. खरंच रडत होतो. आणि त्याचा फोन आला."

"मशीनवर चढवून बसला असेल," सासरे म्हणाले.

"हो."

"कपाट उघड. खालचा कप्पा. जुनी जर्सी आहे बघ."

सचिवानं कप्पा उघडला. जर्सीत काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. त्यानं ते सोडलं. आत एक पितळी बाउल निघाला, घासूनपुसून लख्ख ठेवलेला. त्यावर सचिवाचं स्वतःचं पूर्ण नाव होतं, आणि खाली, त्याच सुरेख अक्षरात, "यांच्या स्मरणार्थ."

"तुझं अपेंडिक्स फुटलं होतं ना," सासरे म्हणाले, "तेव्हाचा. त्या वर्षीही एक नाव कमी पडत होतं."

सचिव जमिनीवरच बसला. त्याला कोरणाऱ्याचं बोलणं आठवलं, आगाऊ माल घरी घेऊन जाणारे लोक आठवले, आणि आपण किती दिवस ऑपरेशननंतर पेज पीत होतो तेही आठवलं. त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

गाडीत ती रागानं गप्प बसली असेल, असं तो समजत होता. आत्ता दिसलं की ते तसं नव्हतं.

"बाबा शील्ड म्हणत होते," ती म्हणाली. "मीच म्हटलं, काही झालं तरी घरचा जावई आहे, निदान बाउल तरी द्या."

"माझं ऑपरेशन चालू असताना?"

"मी रडत होते," ती म्हणाली. "खरंच रडत होते."

तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, आणि त्यावर सचिवाचा विश्वास बसला, कारण आठवडाभरापूर्वी तो तसल्याच बाकावर बसून तसाच रडला होता. तिनं पुढे होऊन त्याच्या हातातला बाउल घेतला, पदरानं पुसला आणि कप्प्यात ठेवला. मग शील्डही पुसून शेजारी ठेवली.

"पुढच्या वर्षी आणखी दोन गावं येताहेत," खुर्चीतून सासरे म्हणाले. ते आता पुन्हा "तुम्ही" वर आले होते. "तब्येतीला जपा, जावईबापू."

बायकोनं कपाटाचं दार लावलं. किल्ली कुलपातच होती, पण ती तिनं फिरवली नाही.